गोल्फमध्ये टीवरून (बॉल ठेवायच्या खुंटीवरून) बॉल नुसता पडला तर शॉट मोजायचा का?

नवा_गडी: गेल्या रविवारी ऑफिसातल्या दोन सिनियर लोकांबरोबर पहिल्यांदाच पूर्ण १८ होल खेळलो, आतापर्यंत नुसतं ड्रायव्हिंग रेंजवर हात साफ करणं चालू होतं. पहिल्याच टीवर ड्रायव्हर (लांब मारायची काठी) बॉलमागे टेकवताना बॉल घरंगळला तर एक साहेब म्हणाले झाला एक शॉट. पुढच्या होलला जोरात फिरवला आणि बॉल जागचा हललाच नाही, तर तेच म्हणतात सोड, प्रॅक्टिस स्विंग धरू 😅 पाचव्याला बॉल पांढऱ्या खुंटांच्या, म्हणजे कोर्सच्या हद्दीच्या बाहेर गेला तर म्हणे एक पेनल्टी घे आणि तिथेच टाक. वर ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) कॅडी (बॅग उचलणारा) ओरडला, "साहेब, लाईनवर पाय!" नियम असे काही आहेत का ज्याचं त्याने ठरवायचं?

बंकरवासी: साहेबांनी दोन्ही उलटं सांगितलं राव. मारायच्या इराद्याने स्विंग घेतला की बॉलला लागो न लागो, शॉट झाला. नुसता टेकवताना पडला तर परत ठेवायचा, पेनल्टी काही नाही. बॉलला न लागलेल्या शॉटनंतरही बॉल टीच्या जागेतच (जिथून होल सुरू करतात) असेल तर २०१९ च्या नियमांनुसार परत टीवर ठेवून मारता येतो, फक्त तो दुसरा शॉट धरायचा.

पांढऱ्या खुंटांचं मात्र सगळीकडेच चुकतं. बाहेर गेला की मागे जाऊन जिथून मारला तिथूनच मारायचा, म्हणजे टीवरून गेला असेल तर एक पेनल्टी धरून आता तिसरा शॉट. क्लबने लोकल रूल लावला असेल तर बाहेर गेला त्या बाजूला फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला टाकता येतो, पण त्याला दोन पेनल्टी, म्हणजे तिथून चौथा. एका पेनल्टीत तिथेच टाकणं हे लाल खुंटांच्या पाण्याबिण्याचं, लोक दोन्हीची भेळ करतात. आणि शंका आली की पुढे शोधायला जायच्या आधीच प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा बॉल) मारून ठेव, पण "प्रोव्हिजनल" असं तोंडाने बोलून, न बोलता मारलास तर पहिला बॉल नंतर सापडला तरी गेलाच समज.

काका_हँडिकॅप२४: बरोबर. आमच्या ग्रुपमध्ये हरवलेला बॉल शोधायला अजून पाच मिनिटं झुडपात काठ्या मारत बसतात, २०१९ पासून तीनच मिनिटं आहेत. मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा असतो याची कुणाला लाज नाही. दोन फुटांचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) न मारताच "दिला" म्हणणंही मॅचप्लेमध्ये (होलागणिक हारजीत) ठीक, स्ट्रोकप्लेत (एकूण शॉट मोजतात) बॉल आत टाकावाच लागतो, रविवारच्या पैजेत काय ते तुमचं तुम्ही बघा.

नवा_गडी: धन्यवाद काका! आणि ते लाईनचं?

काका_हँडिकॅप२४: दुसऱ्याच्या बॉलपासून होलपर्यंतच्या वाटेवर पाय द्यायचा नाही, सावलीही पडू द्यायची नाही. बुटांच्या खुणा उठतात, आता त्या दुरुस्त करता येतात म्हणा, पण ज्याचा पट चुकला तो दिवसभर तुझ्याकडेच बघत राहतो. तुझ्या बॉलने ग्रीनला खळगा पाडला असेल तर तू बुजव, बंकरमधून निघताना वाळू सारखी कर. फेअरवेवर दुसऱ्याच्या डिव्हटमध्ये (फटक्याने उखडलेल्या गवताच्या खड्ड्यात) बॉल बसला तर मात्र तसाच मारायचा, हलवायची सोय नाही. मी ३० वर्षं शिव्या घालतोय त्या नियमाला.

नवा_गडी: शेवटचं एक, हसू नका. बाराव्याला कावळ्याने बॉल उचलून नेला.

बंकरवासी: नेताना बघितलं ना कुणी? मग पेनल्टी नाही, जिथून उचलला तिथेच दुसरा ठेव. बघितलं नसेल आणि कावळ्यानेच नेला याची खात्रीही नसेल तर बॉल हरवला, आधीचा शॉट जिथून मारला तिथे परत जा 😂