मदत हवी आहे: जुन्या मोटारसायकलच्या स्पीडोमीटरचा काटा पुन्हा कसा जुळवावा?

एका जुन्या मोटारसायकलचा केबलवर चालणारा स्पीडोमीटर मी घरीच दुरुस्त करत आहे. केबलमधले ग्रीस वर चढून केबलने फिरणारा चुंबक आणि काट्याला जोडलेली ॲल्युमिनियमची वाटी यांच्यामध्ये साचले होते, त्यामुळे काटा खऱ्या वेगापेक्षा बराच पुढे जात असे आणि गाडी थांबल्यावरही सावकाश शून्यावर येत असे. काचेभोवतीची दुमडलेली कडी जपून उघडून मी आतला भाग स्वच्छ केला आहे. किलोमीटर मोजणारी चाके ठीक आहेत. मात्र काटा काढण्यापूर्वी, त्याला मागे खेचणाऱ्या स्प्रिंगवर ताण नसताना तो नेमका कुठे थांबतो, याची खूण करायची राहून गेली, आणि तबकडी अजून मूळची असल्यामुळे याचे मला फार वाईट वाटते.

या मीटरला 1 किलोमीटरसाठी केबलचे 1400 फेरे लागतात, म्हणजे ताशी 60 किलोमीटरला मिनिटाला 1400 फेरे. वेग बदलता येणाऱ्या ड्रिलने केबल योग्य दिशेने फिरवून, फेरे टॅकोमीटरने मोजून, काटा 60 वर बसवणे पुरेसे आहे का, की 30 आणि 90 वरही तपासून स्प्रिंगचा ताण बदलावा लागेल? सर्व वेगांना काटा सारख्याच प्रमाणात कमी दाखवू लागला, तर चुंबक क्षीण झाला असे समजावे का? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.