वर्क्स की इज वर्किंग? मुलीच्या वहीवरनं घरात वाद चालू आहे

रामबागची_आई:
मुलगी आठवीत आहे. तिच्या ‘मायसेल्फ’ निबंधात टीचरनी ‘माय फादर इज वर्किंग इन अ बँक’ आणि ‘वी आर लिव्हिंग इन इंदोर’ दोन्ही कापून वर्क्स आणि लिव्ह केलंय पण ‘आय ॲम स्टडिंग इन क्लास एट’ तसंच ठेवलंय. बाबा रोज बँकेत जातात, ती रोज शाळेत जाते, मग फरक काय? ह्यांचं म्हणणं काम चालू आहे तर आयएनजी पाहिजेच. परवा टेस्ट आहे, कोणी नीट सांगा.

पोहे_जलेबी:
काकू सोपंय, एव्हरी डे, ऑलवेज दिसलं की सिंपल, नाऊ दिसलं की आयएनजी. टेस्टपुरतं बस झालं भिया

सुदामानगर_ट्यूशन:
अहो पण निबंधात एव्हरी डे लिहून कोण देतं? ताई, तिला आधी मराठीत म्हणून बघायला सांगा. ओळख करून देताना आपण ‘बाबा बँकेत काम करतात’ म्हणतो, ‘करत आहेत’ म्हटलं की वाटतं आत्ता बसलेत कॅश मोजत. करतात तिथे सिंपल. सराफ्यात खाण्याची दुकानं रात्री लागतात, नर्मदा पश्चिमेला वाहते, सगळं सिंपल, आणि अवंतिका एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते हे पण, उद्याच्या गाडीबद्दल बोलत असलात तरी, कारण ते टाइमटेबल. आठवी वर्षभरात संपणार म्हणून ॲम स्टडिंग चालतं, आय स्टडी लिहिलं असतं तरी कापलं नसतं.

पण हा मराठी कान काही ठिकाणी दगा देतो बरं का. ‘मला माहीत आहे’ मधला आहे बघून मुलं आय ॲम नोइंग लिहितात, नो, वाँट, बिलाँग ह्यांना आयएनजी लावत नाहीत. हॅव जरा लबाड आहे, दोन भाऊ असतील तर आय हॅव, जेवण चालू असेल तर आय ॲम हॅविंग लंच. मग आपण ‘2015 पासून इथे राहतो’ म्हणतो, तिथे वी लिव्ह चालत नाही, वी हॅव लिव्ड हिअर सिन्स 2015. आणि बेल वाजली की ‘येते येते’ म्हणतो त्याचं आय कम करू नका, आय ॲम कमिंग.

रामबागची_आई:
कॅश मोजत वाचून हे स्वतःच हसले, वाद मिटला 😄 अजून एक, ‘शी डज नॉट गोज’ पण कापलंय

सुदामानगर_ट्यूशन:
डजमध्ये एस येऊन गेला ना, ‘गो’ला परत कशाला. शी डज नॉट गो. प्रश्न विचारताना पण तेच, डज शी गो?

जुना_राजवाडा:
नर्मदेवरनं आठवलं, इनडायरेक्ट स्पीचमध्ये हे हमखास विचारतात. टीचर सेड दॅट द नर्मदा फ्लोज वेस्ट. सेड बघून मुलं फ्लोड करतात, पण नदी अजून तिकडेच वाहतेय ना, फ्लोजच ठेवायचं