मदत हवी आहे: टीबी की सार्कॉइडोसिस (टीबीसारख्याच गाठी करणारा, पण संसर्ग नसलेला आजार)?

मेथीदाणा:
रुग्ण स्त्री, वय ४२. तीन महिने कोरडा खोकला, थकवा. ताप नाही, वजन घटलेलं नाही. सीटीत फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सारख्याच गाठी. ईबस (श्वासनलिकेच्या आतून सोनोग्राफी) करून गाठीतून सुईने नमुना घेतला, रिपोर्ट: नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचा भाग) नसलेले ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे पुंजके). जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूंच्या डीएनएची चाचणी) निगेटिव्ह, एसीई (सार्कॉइडमध्ये बऱ्याचदा वाढणारा रक्तातला घटक) ९६. एक डॉक्टर म्हणतात एकेटी (टीबीची औषधं) सुरू करा, दुसरे म्हणतात स्टेरॉइड. आता काय विचारायचं?

उंबरठा:
नमुना कशात पाठवला होता, हे आधी. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, त्या तुकड्याचं कल्चर (जंतू वाढवून बघणं) होत नाही. त्यासाठी वेगळा भाग सलाइनमध्ये लागतो. लिक्विड कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस जावे लागतात. गाठीत जंतू मोजकेच असतात, म्हणून एकट्या जीनएक्स्पर्टवरून टीबी बाद होत नाही. टीबीत सहसा दिसणारा नेक्रोसिसचा भाग सुईत न येणंही शक्य असतं. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) लॅबकडून मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा.

एसीईवर भिस्त नको. तो टीबीतही वाढू शकतो, आणि रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर कमी दिसतो. मांटू (टीबीची त्वचेवरची चाचणी) केली का?

मेथीदाणा:
मांटू ० मिमी. फाइलमध्ये कल्चरचा कागदच नाही. थकव्यासाठी डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला चालू आहे.

चाफेकळी:
त्या पुडीबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. सार्कॉइडच्या ग्रॅन्युलोमातल्या पेशी डी जीवनसत्त्व स्वतःच सक्रिय करतात. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत ते कमी दिसतं, पुडी लिहून दिली जाते आणि कॅल्शियम चढतं. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम करून घ्या. सार्कॉइड डोळ्यांत आणि हृदयातही असू शकतो, म्हणून तक्रार नसली तरी स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) डोळे आणि एक ईसीजी हवाच.

उंबरठा:
आपल्याकडे मांटू शून्य येणं सार्कॉइडकडे झुकतं, पण तेवढ्यावर निकाल नाही. एकेटी 'देऊन बघू' म्हणण्यात गोची अशी, की सार्कॉइडच्या गाठी कित्येकदा आपोआप आक्रसतात आणि श्रेय गोळ्यांना जातं. उलट टीबीच्या गाठी औषध चालू असताना फुगूही शकतात. स्टेरॉइडची घाई त्याहून वाईट: टीबी असेल तर भडकतो, लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) असेल तर झाकला जातो.

डोळे, हृदय, कॅल्शियम ठीक असेल तर पुन्हा नमुना घेऊन कल्चरपर्यंत थांबता येईल का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा. ईबस परत ठरलं तर बाटल्यांचं आधीच बोलून ठेवा: एक फॉर्मलिनची, एक सलाइनची, आणि लिम्फोमाची शंका असेल तर फ्लो सायटोमेट्रीची (पेशींचे प्रकार ओळखणाऱ्या चाचणीची) तिसरी.