मदत हवी आहे: गाडीत कॉम्प्युटर बसवतोय, वायरी कुठून न्याव्या?

नमस्कार मंडळी,

बाबांची २०१४ ची हॅचबॅक आता माझ्याकडे आहे. तिच्यात घरी पडून असलेला मिनी पीसी बसवायचं डोक्यात घेतलं आहे. १९ व्होल्ट, ६५ वॅटचा आहे. सोबत ७ इंची टचस्क्रीन, पुढे-मागे कॅमेरा, ओबीडीचं (गाडीच्या स्वतःच्या तपासणी-पोर्टचं) रीडिंग आणि बाबांनी कॅसेटींवरून उतरवलेली नाट्यगीतं. "त्यापेक्षा अँड्रॉइड स्टिरिओ घे ना" हा सल्ला घरी रोज मिळून राहिला आहे, तो इथे नको. बाबांची अट एवढीच की डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही आणि वायर दिसता कामा नये.

दुकानात का देत नाही, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी मागच्या सीटसाठी चार्जर पॉइंट लावून घेतला होता. पोरानं अर्ध्या तासात काम उरकलं, मी खूश. मग ऐन नवतप्यात वर्धा रोडच्या सिग्नलला उभा असताना जळका वास आला. घरी येऊन दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उपटली. खाली लाल वायर पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडलेली, तिचं आवरण वितळून कार्पेटच्या केसांत बसलेलं. जोडावरच्या काळ्या टेपचा गोंद उन्हानं असा पातळ झाला होता, की बोट लावलं तर पाकासारखी तार निघायची. फ्यूज शोधला, तर नव्हताच. वायर थेट बॅटरीवरून आणली होती.

म्हणून यावेळी सगळं स्वतः करतो आहे. कॉम्प्युटर बाजूच्या सीटखाली, कारण डॅशबोर्डमध्ये ठेवला तर आपल्या उन्हाळ्यात उभ्या गाडीत शिजेल. बॅटरीपासून वीतभरावर १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) मूळ रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे वायरीच्या भोकातल्या बुचातून, आत. १२ चे १९ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरची घट धरून १२ व्होल्टला साधारण ६ अँपिअर लागतील. ५ मीटर वायरीत जेमतेम ०.२ व्होल्ट पडतो, तो चालेल. कन्व्हर्टरही सीटखालीच. आधी स्क्रीनसाठी ५ व्होल्टच पातळ यूएसबी वायरीनं ४ मीटर नेऊन पाहिले होते. मीटरवर ४.३ दिसले आणि स्क्रीन लुकलुकायला लागली.

अडलंय ते असं. सप्लाय एसीसीच्या (चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनच्या) फ्यूजवरून घेतला तर चावी काढताच कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो. थेट घेतला, तर बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तासांची). बंद असतानाही अर्धा अँपिअर खाल्ला तरी दिवसाला १२ एएच गेले, तीन दिवसांनी गाडी ढकलत बसा. अर्थ (निगेटिव्हची वायर) सीटच्या बोल्टला दिला तर चालेल का? आणि आमच्या पार्किंगमध्ये उंदीर फार आहेत, त्यांचं काय करता?

प्रतिसाद १
भाऊ, दोन्ही लागतात. जाड वायर बॅटरीवरून आणि एसीसीची बारीक वायर फक्त 'चावी चालू आहे की नाही' हे सांगायला. मध्ये गाडीच्या पीसीसाठीचा टायमरवाला पॉवर सप्लाय घ्या. चावी काढली की तो आधी पीसीला शटडाउनचा इशारा देतो आणि ठरलेल्या वेळानं सप्लाय पूर्ण तोडतो. आणखी एक. चावी स्टार्टवर फिरवली की बहुतेक गाड्यांत एसीसी क्षणभर जातं, बॅटरीही ९-१० व्होल्टपर्यंत खाली बसते. कन्व्हर्टर ८ व्होल्टला तग धरणारा नसेल तर दर सेल्फला पीसी रिस्टार्ट.

प्रतिसाद २
सीटच्या नि बेल्टच्या बोल्टला हात नका लावू, ते सुरक्षेचं काम आहे. कंपनीनं बॉडीवर जिथे अर्थ दिला आहे तो पॉइंट शोधा, रंग खरवडून लग (वायरीच्या टोकाची कडी) घट्ट कसा. सप्लाय उजव्या उंबऱ्यातून नेला तर ऑडिओची वायर डावीकडून न्या, नाहीतर नाट्यगीतामागे अल्टरनेटर सूर धरेल, तोही रेसबरोबर चढणारा! ग्लोव्ह बॉक्समागे पिवळं कपलर दिसलं तर ती एअरबॅगची लाइन, तिच्या वाटेला जाऊ नका. आणि पट्ट्या बसवण्याआधी सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून पाहा. रेल वायर कापते.

प्रतिसाद ३
उंदरांवर औषध नाही बाप्पा. बोनेटखालची वायर कोरुगेटेड पाइपात घाला आणि गाडी रोज हलवा. पावसाळ्यात ओल्या बुटांचं पाणी सीटखाली जातं, डबा दोन इंच उचलून बसवा.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल सीट सरकवून पाहिली. माझ्या आखलेल्या वाटेवरून रेल थेट जात होती, आता वायर दोन सीटांमधल्या बोगद्याच्या (उंचवट्याच्या) कडेनं कार्पेटखालून नेतो. अर्थचा बोल्ट किक पॅनलमागे (पायाजवळच्या बाजूच्या पट्टीमागे) सापडला. ग्रोमेटमधून सायकलची जुनी ब्रेक केबल घालून वायर ओढली, आरपार आली. आता राहिली ती हार्नेसची (वायरींच्या जुडग्यावर गुंडाळायची) कापडी टेप. बर्डीवर दोन दुकानांत विचारलं, दोघांनी तीच काळी पुढे केली. कोणाला नागपुरात मिळाली असेल तर सांगा.