१० मीटर बँडवर टँक कॉइल तापते, चांदीचा मुलामा द्यावा का?

नवखा_लिनिअर:
दोन ट्यूबचा लिनिअर (हॅम ट्रान्समीटरची पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) बांधून चार महिने झाले. ८०, ४०, २० मीटरच्या बँडवर तक्रार नाही. १० मीटरवर ५०० वॅट काढायला गेलो की टँक कॉइल (आउटपुट ट्यून करणारी) भाजून निघते. काल टॅपचं (कॉइलवरून मधेच काढलेल्या जोडाचं) सोल्डरच पाघळून चॅसीवर पडलं. २ मिमी एनॅमलची तार, पाच वेढे. टॅपची पट्टी बोल्टने आवळून वर सोल्डर. चांदीचा मुलामा देऊन घ्यावा म्हणतोय. की जाड अ‍ॅल्युमिनियमची तार वापरू? ती घरात पडून आहे.

जुनी_ट्यूब:
मुलामा राहू द्या. चांदी तांब्याहून जेमतेम ६ टक्के सरस, आणि तीही डीसीला. आरएफचा (रेडिओ वारंवारतेचा) करंट वरच्या पापुद्र्यातूनच वाहतो, त्यामुळे हिशोब वर्गमुळाचा होतो आणि हाती उरतात ३ टक्के. २८ मेगाहर्ट्झला तांब्यातला हा पापुद्रा साधारण १२ मायक्रॉनचा.

खरं दुखणं १० मीटरचंच आहे. ट्यूबची आउटपुट कपॅसिटी आणि वायरिंगची भटकी कपॅसिटी मिळून लोडेड क्यू (अँटेना जोडलेल्या टँकमध्ये करंट किती पट घुमतो ते) १२ वर राहतच नाही, चढतो. तो २० धरा आणि कॉइलचा स्वतःचा क्यू २००. म्हणजे ट्यूबने दिलेल्यातली दहा टक्के पॉवर कॉइलमध्येच जिरते, तुमच्याकडे ५५ वॅट. चांदी चढवलीत तर ५३-५४. त्यासाठी एवढा खटाटोप?

६ मिमीची तांब्याची नळी घ्या, फ्रिजला असते तसली. भरीव सळई नको, आतल्या तांब्याला कामच नसतं. पृष्ठभाग तिप्पट होतो. दोन वेढ्यांत नळीच्या जाडीइतकी फट सोडा. वेढे खेटून बसले की करंट एका कडेला दाटतो. वाकवताना आत कोरडी बारीक वाळू ठासा, नाहीतर नळी चेपते. (माझी पहिली कॉइल चेपली होती. अजून वापरतो.)

अ‍ॅल्युमिनियमचा आरएफ रोध तांब्याच्या सव्वापट. तो एक वेळ चालेल, पण साधं सोल्डर त्याला धरत नाही.

खरखर:
चांदीला सरसकट मोडीत काढू नका. बँडस्विचच्या (बँड बदलायच्या स्विचच्या) संपर्कांना ती हवीच. कॉइल काळी पडली म्हणून फारसं बिघडत नाही, काळा थर क्लॅम्पखाली शिरला की बिघडतं. मुलामा देतातच तर खाली निकेलचा थर आहे का ते विचारा. निकेल चुंबकीय, त्यावर चांदी पातळ असेल तर साध्या तांब्यापेक्षा वाईट.

आणि तो टॅपचा बोल्ट कशाचा आहे? चुंबक लावून बघा.

नवखा_लिनिअर:
चिकटला! चकाकत होता म्हणून पितळी समजत होतो.

खरखर:
मग सोल्डर पाघळलं यात नवल नाही. साधं सोल्डर १८३ अंशांनाच मऊ पडायला लागतं आणि लोखंड आरएफमध्ये चुलीसारखं तापतं. पितळी बोल्ट घाला, पट्टी तांब्याची ठेवा, सोल्डरच्या भरवशावर जोड सोडू नका. हात घालण्याआधी मेन्सची पिन काढा आणि एचटी (हाय व्होल्टेजचा) कपॅसिटर शॉर्ट करून घ्या.

नवखा_लिनिअर:
नळी आणि पितळी बोल्ट, दोन्ही केलं. फट वाढल्याने कॉइल लांबली, इंडक्टन्स उतरला. डिप मीटर (सर्किट कुठल्या वारंवारतेला ट्यून होतं ते दाखवणारं) लावून अर्धा वेढा वाढवला. आता पूर्ण पॉवरवर पाच मिनिटांनी बंद करून नळीला हात लावला तर सोसवते. काका, तुमची वाळू मात्र नळीतून अजून गळतेय.

जुनी_ट्यूब:
फुंकून काढा आधी. व्हेरिएबल कपॅसिटरच्या पात्यांत गेली तर ठिणग्या मोजत बसाल.