मदत हवी आहे: विकतचं पाणी बंद करायचंय, पण घरात कुणी ऐकत नाही

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं आम्ही प्यायला विकतचं पाणी आणतोय. घरी 20 लिटरचे जार, बाहेर पडलं की बाटल्या. एकदा नळाला गढूळ पाणी आलं तेव्हा 'चार दिवस जार आणू' असं ठरलं होतं. ते चार दिवस अजून चालूच आहेत.

मागच्या महिन्यात सहज हिशेब मांडला. माणसं चार, रोजचं पाणी 8 लिटर, म्हणजे अडीच दिवसांना एक जार. वर्षाचे 146! बाटल्या वेगळ्याच. महिनाभराच्या रिकाम्या बाटल्या मुद्दाम एका पोत्यात साठवल्या, तर 43 निघाल्या. ते पोतं बाल्कनीत बघितल्यापासून मला चैन नाही.

अडचणी अशा:

नळाच्या पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. सासरे ग्लास तोंडाजवळ नेतात आणि परत ठेवतात.

टीडीएस मीटर आणला. नळाचं पाणी 280 दाखवतं, जारचं 40. म्हणजे नळाचं पाणी सातपट खराब का?

शुद्धीकरण यंत्र विकणारा एक जण घरी येऊन गेला. त्याने दोन ग्लासांत विजेच्या दांड्या बुडवल्या. आमचं पाणी मिनिटभरात तपकिरी गाळाचं झालं, त्याने आणलेलं तसंच स्वच्छ राहिलं. तेव्हापासून मुलं नळाला हात लावत नाहीत. आरओ (पाण्यातले क्षारही गाळून काढणारं यंत्र) घेण्यावाचून पर्याय नाही का? उकळून भागणार नाही का?

---

प्रतिसाद 1

ताई, आधी त्या दांड्यांबद्दल, कारण ही हातचलाखी बघून माझ्या वडिलांनीही यंत्र घेतलं होतं. त्यातली एक दांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि दांडीचं लोखंडच विरघळून गाळ होऊन बाहेर येतं. तुम्ही पाहिलात तो गाळ दांडीचा, पाण्याचा नव्हे. त्याच्या ग्लासात क्षार जवळजवळ नव्हतेच, म्हणून वीज वाहिली नाही. पुढच्या वेळी त्याच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, मग मजा बघा.

मीटरचंही तेच. तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं आलं. जंतू त्याला दिसत नाहीत. 40 आकड्याच्या पाण्यात जंतू असू शकतात आणि 280चं पाणी अगदी निर्धोक असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 600च्या खालचं पाणी चवीला सहसा चांगलंच लागतं. तुमच्या आकड्यासाठी आरओ कशाला? ते यंत्र बरंचसं पाणी मोरीत सोडतं, जुनी यंत्रं तर एक लिटरमागे तीन-तीन लिटर. कचरा वाचवायला निघालात आणि पाणी घालवून बसाल.

---

प्रतिसाद 2

वास क्लोरीनचा आहे. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी भरून, वर जाळीचं झाकण ठेवून रात्रभर राहू द्या, वास बराच जातो. पण काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते असं उडून जात नाही. त्याला कार्बनचा फिल्टर लागतो आणि त्यातूनही ते हळूहळू निघतं. एक लक्षात ठेवा, क्लोरीन काढलं की पाण्याची राखणही गेली. असं पाणी झाकून ठेवा आणि एका दिवसात संपवा. कार्बनची कांडीही वेळेवर बदला, नाहीतर तिच्यातच जंतू घर करतात.

---

प्रतिसाद 3

आमच्या घरात वाद मिटवला तो 2024 सालच्या एका अभ्यासाने. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी बाटलीबंद पाणी तपासलं, तर लिटरमागे सरासरी 2 लाख 40 हजारांच्या आसपास प्लास्टिकचे कण सापडले, बहुतेक नॅनो आकाराचे. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो याचा उलगडा अजून व्हायचाय, म्हणून भीती घालत नाही. पण 'बाटलीतलं म्हणजे शुद्ध' हे पालुपद आमच्याकडे तेव्हापासून बंद झालं.

---

प्रतिसाद 1

उकळण्याचं राहिलं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, 2,000 मीटरहून उंच राहत असाल तर तीन. जंतू मरतात. पण आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने थोडे वाढतातच. म्हणून काही विकत घेण्याआधी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या. नमुने दोन द्या: एक थेट येणाऱ्या नळाचा, दुसरा गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाचा.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. अहवाल आला. थेट नळाचं पाणी सगळ्या बाबतींत ठीक. टाकीच्या नळात मात्र कोलिफॉर्म जंतू, म्हणजे पाण्यात घाण शिरल्याची खूण! टाकी उघडली तर तळाला चार बोटं गाळ आणि झाकणाला फट. सहा वर्षं आम्ही नळाला नावं ठेवत होतो. टाकी धुऊन घेतली, झाकण बदललं. आता पिण्याचं पाणी थेट नळावरच भरतो, आणि टाकीचा दुसरा अहवाल येईपर्यंत खबरदारी म्हणून तेही उकळतो.

मुलांना दप्तरात स्टीलच्या बाटल्या दिल्या. पहिल्याच आठवड्यात एक हरवली, पण पोत्यात या महिन्यात 6च बाटल्या आहेत. जार पूर्ण बंद.

आता एकच तक्रार उरलीय. सासरे म्हणतात, उकळलेलं पाणी मेलेलं लागतं. काही उपाय?

---

प्रतिसाद 2

उकळताना पाण्यातली हवा निघून जाते, म्हणून तसं लागतं. गार झालं की दोन स्वच्छ भांड्यांत वरून धार धरून चार-पाच वेळा इकडून तिकडे ओता. हे काम सासऱ्यांनाच द्या.