सोसायटीच्या ग्रुपवर: हॉलमधलं काचेचं कपाट आणि शनिवारचा भंगारवाला

सौ. रेगे (ए-३): नोटीस बोर्डावर कागद लागलाय, "शनिवारी ११ वा. भंगारवाला येणार, हॉलमधील जुने कपाट आतील सामानासह काढणे." कोणाला विचारून? काळवीटाचं मुंडकं, धनेश, पक्ष्यांचा ट्रे, दोन तसबिरी, पितळी गणपती, सगळं त्यातच आहे. मीटिंग झाली असेल तर मिनिट्स इथे टाका.

पाटील (सेक्रेटरी): रेगे वहिनी, नमस्कार. मीटिंग रीतसर झाली, मिनिट्स फाईलला आहेत. गणपतीच्या आधी हॉलला रंग द्यायचाय. कपाटाला वास येतो, मुलं घाबरतात. इतकी वर्षं काच पुसायला कोणी आलं नाही आणि आता एकदम सगळ्यांना माया.

मोरे (बी-९): काळवीटाला मेंटेनन्सचं बिल काढा. थकबाकी बघून स्वतःच पळेल 😀

सावंत (खजिनदार): थकबाकीवरून आठवलं. बी विंगमधले तिघे अजून बाकी आहेत. नावं टाकत नाही.

मोरे (बी-९): टाका की. आमचं पार्किंगचं पण बघा एकदा.

नंदिनी (सी-११): पाटीलकाका, कृपा करून कोणीही ट्रेमधल्या पक्ष्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या काढू नका. कपाट राहो न राहो, लेबल सुटता कामा नये.

अ‍ॅड. चितळे (ए-७): कायद्याचं आधी. काळवीट आणि मोठा धनेश दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुंडकं हे कायद्याच्या भाषेत ट्रॉफी. ते विकणं गुन्हा आहे, भंगारवाल्याने किलोवर नेलं तरी. पेपरात बातमी आली तर नाव सेक्रेटरीचं येईल, कपाटाचं नाही.

पाटील (सेक्रेटरी): म्हणजे आता मी गुन्हेगार.

अ‍ॅड. चितळे (ए-७): तसं म्हटलं नाही, पाटीलसाहेब. एवढंच सांगा, फाईलमध्ये मालकीचं प्रमाणपत्र आहे का? २००३ मध्ये अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हाच्या कमिटीने अर्ज केला असेल तर पावती असेल. प्रमाणपत्र असेल आणि सोसायटीला वस्तू नको असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांना कामाचे सात दिवस आधी नोटीस देऊन ती सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्र नसेल तर आपणहून वनविभागाला लेखी कळवायचं आणि ते सांगतील तसं करायचं. तोवर वस्तू जागची हलवायची नाही.

सौ. रेगे (ए-३): ऐका. हेच मी मार्चपासून सांगतेय.

पाटील (सेक्रेटरी): ठीक आहे. भंगार रद्द. मी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला फोन करतो, टेम्पो सांगतो, शनिवारीच काळा घोड्याला पोचवून देऊ. विषय संपला.

ओंकार (सी-२): छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणा काका. १९९८ पासून तेच नाव आहे. आणि वाघनखं पण तिथेच आहेत ना?

शिंदे आजोबा (ए-१): नाही रे बाबा. लंडनच्या संग्रहालयातून तीन वर्षांसाठी आलेली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या सरकारी संग्रहालयात ठेवली. काळा घोड्याला मुघल बघ, अकबराचं चिलखत आणि ढाल आहे.

मोरे (बी-९): म्हणजे राणीच्या बागेतलंच म्युझियम ना?

शिंदे आजोबा (ए-१): मोरे, ते भायखळ्याचं. आधीचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १८७२ चं, आता डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. काळा घोड्याचं पुष्कळ नंतरचं. पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५, इमारत १९१४ ला तयार. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं, तर तिथे लष्करी इस्पितळ भरलं. लोकांना दार उघडलं १० जानेवारी १९२२ ला. गेटवे ऑफ इंडियावाला विटेटच आर्किटेक्ट. काळा दगड कुर्ल्याचा, पिवळट मालाडचा, घुमटावर विजापूरच्या गोल घुमटाची छाया. आत शिरल्यावरच्या लाकडी कमानी नाशिकच्या वाड्यातून आणलेल्या, त्या सगळे न बघता पुढे जातात.

सावंत (खजिनदार): उद्या दुपारी १ ते ४ पाणी नाही. टाकी धुणार.

परब काका (बी-६): पाटील, टेम्पो सांगू नका. दोन कारणं. पहिलं, संग्रहालय म्हणजे जुन्या सामानाचं गोदाम नव्हे. वस्तू दारात नेऊन ठेवली की घेतात असं होत नाही. आधी फोटो, मापं, कुठून आली त्याचे कागद, मालकी कोणाची त्याचं पत्र. मग त्यांचे लोक ठरवतात. घेतली तर दानपत्र होतं, नोंदवहीत क्रमांक चढतो, तो क्रमांक वस्तूवरही येतो. आपल्याकडे आज यातलं काय आहे?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जुन्या काळी कातडी टिकवायला आतून सोमलाचा, म्हणजे विषारी आर्सेनिकचा, साबण चोळत. आर्सेनिक, साबण, पोटॅशियम कार्बोनेट, कापूर आणि चुना. म्हणून तर इतकी वर्षं कसर, म्हणजे कातडं-पिसं खाणारी कीड, लागली नाही. तो सोमल आजही तिथेच आहे. मानेच्या शिवणीवर, डोळ्यांच्या कडेला, पिसांच्या मुळाशी पांढरी भुकटी दिसते ती धूळ समजून कोणी फडक्याने झटकली तर नाकातोंडात जाईल. नायट्राइलचे हातमोजे आणि एन-९५ मास्क असल्याशिवाय दार उघडायचं नाही. रंगारी तर मुळीच नाही. मुलांचा कॅरम हॉलमधून बाहेर काढा, आजच.

सौ. रेगे (ए-३): अगं बाई. मे महिन्यात त्या कपाटाला टेकून शिबिराची पोरं बसली होती.

परब काका (बी-६): दार बंद होतं ना, मग घाबरू नका. काच आणि लाकूड बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या, हात साबणाने धुवा.

मोरे (बी-९): पेंढा भरलेल्या हरणाने सोसायटी गॅसवर 😀

परब काका (बी-६): आत पेंढा नसतो, मोरे. मुंडक्यात लाकडाचा किंवा प्लॅस्टरचा साचा, त्यावर लाकडाचा भुसा नाहीतर लाकडी काप, आणि वर ताणून बसवलेलं कातडं. मुंबईत बिघडतं ते इथेच. पावसाळ्यात हवा दमट, कातडं पाणी ओढून सैल होतं. ऑक्टोबरच्या उन्हात सुकून आखडतं. साचा मात्र तेवढाच राहतो. दरवर्षी हे झालं की ओठ, कानाची मुळं आणि मानेखालची शिवण उलते. आपल्या काळवीटाचा डावा कान बघा, मुळाशी बोटभर चीर आहे. शनिवारी पावसात टेम्पोत हादरे बसले तर कान हातात येईल.

शिंदे आजोबा (ए-१): घारापुरीचा दगडी हत्ती आठवा. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलायला गेले, क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये राणीच्या बागेत जोडून उभा केला. दगडाची ही गत, तर कातड्याचं काय.

पाटील (सेक्रेटरी): सर्वांची मतं आदरपूर्वक वाचली. पण रंगाऱ्याला अ‍ॅडव्हान्स दिलाय. हॉल कोणत्या तारखेला रिकामा होणार एवढंच कोणीतरी सांगा. सल्ले देणारे बारा, उचलायला एक नाही.

सौ. रेगे (ए-३): हा मेसेज डिलीट केला आहे.

पाटील (सेक्रेटरी): वाचला, वहिनी.

नंदिनी (सी-११): लेबलांचं कोणी वाचलं का? परत लिहिते. ट्रेमधले पक्षी उभे नाहीत, आडवे आहेत. डोळ्यांत कापूस, पंख अंगाला लावलेले, पाय एकावर एक बांधलेले. ही शोभेची वस्तू नाही, अभ्यासाचा नमुना आहे. पायाच्या चिठ्ठीवर जागा, तारीख, नर की मादी, कोणी गोळा केला, एवढं असतं. चिठ्ठी असेल तर तो पक्षी त्या गावी त्या वर्षी होता याचा पुरावा. चिठ्ठी गेली तर रंग उडालेली पिसं. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) १९११ पासून देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली, त्यातल्या कातड्यांची किंमत आजही त्या चिठ्ठ्यांवरच आहे.

ओंकार (सी-२): ताई, बीएनएचएस आणि म्युझियम एकच का?

नंदिनी (सी-११): नाही. पण नातं जवळचं. संस्था १५ सप्टेंबर १८८३ ला आठ जणांनी काढली, ती बैठक भायखळ्याच्या त्याच संग्रहालयात झाली. आठांत दोन आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुढे काळा घोड्याच्या संग्रहालयाचा प्राण्यापक्ष्यांचा विभाग बीएनएचएसच्या संग्रहावर उभा राहिला. प्रेटर दोन्हीकडे क्युरेटर होते. मागे रंगवलेलं जंगल, पुढे खरी माती आणि झुडपं, मध्ये प्राणी, अशी दालनं त्यांच्या काळातली. सलीम अली १९२६ मध्ये तिथे लोकांना माहिती सांगायच्या नोकरीवर होते.

शिंदे आजोबा (ए-१): आणि बीएनएचएसच्या चिन्हावरचा धनेश म्हणजे विल्यम. खराखुरा होता, १९२० पर्यंत त्यांच्या ऑफिसातच राहायचा.

मोरे (बी-९): मग आपल्याचं नाव विल्यम ठेवू. विल्यम, बी विंग, पार्किंग नाही.

ओंकार (सी-२): 😂😂

सावंत (खजिनदार): उद्या दुपारी १ ते ४ पाणी नाही. कृपया नोंद घ्यावी.

कदम वहिनी (बी-४): परबकाका, कसर मारायला फ्रीजमध्ये ठेवतात असं वाचलं. आमच्याकडे मोठा डीप फ्रीझर आहे, आईस्क्रीमचा. पक्ष्यांचा ट्रे मावेल.

परब काका (बी-६): वहिनी, तुमचं मन मोठं आहे, पण नको. खाण्याच्या फ्रीझरमध्ये सोमलाची वस्तू कधीही नाही, पिशवीत घालूनही नाही. पद्धत बरोबर आहे. जाड पॉलिथिनमध्ये बांधायचं, हवा दाबून काढायची, तोंड टेपने बंद. उणे २० ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर गार पिसांवर दव धरतं. पण हे संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत होऊ दे. आपण आज एवढंच बघायचं, की ट्रेखाली तपकिरी केसाळ साली आणि बारीक भुसा पडलाय का. असेल तर कसरीची अळी जिवंत आहे. डांबरगोळ्या टाकू नका. अळी त्याने मरेलच असं नाही, आणि तो वास पिसांतून वर्षानुवर्षं जात नाही.

सौ. रेगे (ए-३): गणपतीला मी पितांबरी लावून देते. हिरवा पडलाय बिचारा.

परब काका (बी-६): वहिनी, हात लावू नका. पितांबरी नाही, चिंच नाही, लिंबू नाही. गडद हिरवा आणि गुळगुळीत थर असेल तर तो जुनेपणाचा, तो राहू दे. फिकट हिरवी भुकटी बोटाला लागत असेल तर क्लोराइड आतून धातू खातंय. ते आंबटाने आणखी वाढतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवायचा.

अ‍ॅड. चितळे (ए-७): मूर्ती शंभर वर्षांवरची असेल तर ती पुरावशेष ठरते, नोंदणी लागते. पोथी असेल तर ७५ वर्षं.

शिंदे आजोबा (ए-१): तसबिरींचं बोला. रविवर्मा छापखान्याच्या असाव्यात. १८९४ ला गिरगावात सुरू झाला, मग मळवलीला गेला. खालच्या समासात छापखान्याची ओळ असते, ती चौकटीखाली दबते. आपल्याकडे सरस्वतीच्या चित्राला कोणीतरी समास कापून चौकटीत बसवलंय, आता विचारायचं कोणाला.

परब काका (बी-६): मागचा पुठ्ठा काढू नका. कागदावरचे तपकिरी ठिपके बुरशीचे आणि दमटपणाचे आहेत, पुसायचे नाहीत. लॅमिनेशन कोणी सुचवू नका. आणि ट्यूबलाइटखालून हलवा, अशा रंगांना संग्रहालयात ५० लक्सच्या आसपासच, म्हणजे अगदी मंद, उजेड ठेवतात.

पाटील (सेक्रेटरी): म्हणजे सगळंच मौल्यवान आणि मीच तेवढा अडाणी.

शिंदे आजोबा (ए-१): पाटील, मनाला लावून घेऊ नका. सगळं मौल्यवान नाही. काळा घोड्याचा संग्रहही कोणाच्या ना कोणाच्या घरातूनच आला. पुरुषोत्तम मावजींचा १९१५ मध्ये विकत घेतला. सर रतन टाटांनी मृत्युपत्राने दिला, २०२४ मध्ये गेले ते रतन टाटा नव्हेत, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. सर दोराबजी टाटांचा १९३३ मध्ये आला. मीरपूर खासच्या मातीच्या बुद्धमूर्ती बघा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणून त्या इथे. पुरातत्त्व खात्याच्या कझिन्सने १९०९-१० मध्ये काहू-जो-दडोचा स्तूप खणला, कुठल्या स्तूपाच्या त्या हे ठाऊक आहे, म्हणून त्या बोलतात. आणि आपल्या बारादेवीचं शिवशिल्प १९३१ मध्ये रस्ता खणताना निघालं, ते परळलाच राहिलं आणि संग्रहालयात त्याचा साचा गेला. सगळं तिकडेच न्यायला हवं असंही नाही.

नंदिनी (सी-११): म्हणून म्हणते, लेबल.

मोरे (बी-९): ताई, कळलं. लेबल, लेबल, लेबल. पार्किंगला पण लावा एकेक.

नंदिनी (सी-११): मोरेदादा, तुम्हाला कळलं तर मला आनंदच आहे. रंगाऱ्याला पण कळायला हवं.

पाटील (सेक्रेटरी): बरं. हॉलच्या तीन भिंती रंगवू, कपाटाची भिंत दिवाळीनंतर. चितळेसाहेब, वनविभागाच्या पत्राचा मसुदा तुम्ही द्या. २००३ ची फाईल मी शोधतो. यादी कोण करणार?

परब काका (बी-६): मी आणि नंदिनी. रविवारी सकाळी, पाऊस उघडलेला असेल तर. दार न उघडता काचेतून जेवढं होईल तेवढं. प्रत्येक वस्तूचे चार बाजूंनी फोटो, शेजारी फूटपट्टी. लेबलाचा फोटो वेगळा, अक्षर वाचता येईल असा. वही एकच, पेन्सिलने, म्हणजे ओल आली तरी शाई पसरणार नाही. आणि सौ. कदम, तुमच्याकडे उपकार म्हणून एकच काम. रंगाऱ्याच्या शिडीने काच फुटू नये म्हणून कपाटाला बाहेरून जुन्या चादरी. प्लॅस्टिक नको, आत दमट कोंडेल.

कदम वहिनी (बी-४): चार सुती चादरी देते. धुतलेल्या.

सौ. रेगे (ए-३): आणि नोटीस बोर्डावरचा तो कागद?

पाटील (सेक्रेटरी): काढला. कपाटाची चावी वॉचमनकडून घेऊन परबकाकांकडे दिली आहे, रजिस्टरमध्ये सही आहे.

सावंत (खजिनदार): उद्या १ ते ४ पाणी नाही. चादरी धुवायच्या असतील तर सकाळी.